एक जुलैला जन्मलेली माणसं

सरकारी नोकरीत असताना मी सदतीस माणसांना जन्मतारखा दिल्या. ती माणसं तेव्हा चांगली मोठी झालेली होती, काहींना नातवंडंही होती. पण सरकारदरबारी ती जन्मली माझ्या टाकाखाली, आणि सगळीच्या सगळी एक जुलैला.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आमची राजधानी होती नागपूर. स्वातंत्र्य मिळून दीडेक वर्ष झालं होतं तेव्हा मी गोंदियाच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना बाबू म्हणून लागलो. तलाव, कालवे आणि त्यांच्यावरची माणसं सांभाळणारी ती कचेरी होती. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. वय एकवीस. फुलचूरला एका खोलीत राहायचो आणि सायकलने यायचो.

आस्थापना म्हणजे काय, हे मला माझ्या सासऱ्यांनाही कधी नीट समजावता आलं नाही. त्यांनी लोकांना सांगून ठेवलं होतं की जावई सरकारात माणसं मोजतो. ते फारसं चुकीचं नव्हतं. किती जागा मंजूर, किती भरल्या, किती रिकाम्या. कोणाला पगार किती, पुढची वाढ कोणत्या महिन्यात, निवृत्त होऊन घरी कधी जायचं. दर महिन्याला पगारपत्रक आणि वर्षातून एकदा सगळ्या माणसांचा तक्ता. मंजूर जागांमधून रिकाम्या वजा केल्या की कामावरची माणसं निघाली पाहिजेत, आणि तितकीच नावं पगारपत्रकात पाहिजेत. एक नाव जास्त झालं तर कोणीतरी फुकट पगार खातोय, एक कमी झालं तर कोणीतरी उपाशी आहे. माझा तक्ता ट्रेझरीतून कधी परत आला नाही. याचा मला अभिमान होता, आणि पुढे जे घडलं त्याला हा अभिमानही थोडा कारण आहे.

या सगळ्याचं मूळ म्हणजे सर्व्हिस बुक. प्रत्येक पक्क्या नोकराचं एक जाड पुस्तक. पहिल्या पानावर नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण, बोटांचे ठसे आणि जन्मतारीख. पुढची तीस वर्षं त्या पहिल्या पानावर चालतात.

मी लागलो त्याच हिवाळ्यात हुकूम आला की तलावांवरचे आणि कालव्यांवरचे जुने कच्चे चौकीदार पक्के करायचे. आनंदाची गोष्ट होती. पक्का झाला की साठ वर्षांपर्यंत नोकरी, महिन्याचा बांधलेला पगार. पण त्यासाठी प्रत्येकाचं सर्व्हिस बुक उघडायला हवं होतं. केशोरीकडच्या एका डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही तीन दिवस टेबल मांडून बसलो. मी, आमचे हेडक्लार्क आणि दवाखान्याचे डॉक्टर. हेडक्लार्कना सगळे बडे बाबू म्हणत. ते जबलपूरकडचे, गोंदियात वीस वर्षं काढलेले, मराठी उत्तम समजे पण बोलत हिंदीच.

पहिल्याच माणसाला मी जन्मतारीख विचारली तेव्हा तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. वय विचारलं तर म्हणाला, असेल चार वीसा, म्हणजे ऐंशी. तो चाळिशीचा दिसत होता. मी बड्या बाबूंकडे पाहिलं. त्यांनी पान थुंकून सांगितलं, "शकल देखो और लिखो. केस बघ, दात बघ, मुलगा किती मोठा आहे विचार." एवढं एक वाक्य मात्र त्यांनी अर्धं मराठीत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून.

नियम असा की नुसतं साल ठाऊक असेल आणि महिना-दिवस ठाऊक नसेल, तर एक जुलै धरायची. आम्हाला सालही ठाऊक नव्हतं. मी चेहरा बघायचो, आकडा बोलायचो, डॉक्टर तोच आकडा दाखल्यावर लिहायचे, आणि मग त्या दाखल्याच्या आधाराने मी तो पुस्तकात चढवायचो. तीन दिवसांत सदतीस माणसं झाली. शेवटी शेवटी तर मी माणूस पायरी चढत असतानाच साल ठरवत होतो.

दोन वर्षांनी नागपूरहून ऑडिटर आले. सगळी पुस्तकं चाळून झाल्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की या भागातले सगळे लोक एक जुलैलाच कसे जन्मतात. बडे बाबू तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "साहब, इधर आषाढ में बच्चे ज्यादा होते हैं." ऑडिटर हसले, चहा प्याले आणि गेले. आम्हीही ही गोष्ट पुढे कितीतरी लोकांना हसून सांगितली.

मग राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. काल नागपूरला जाणारे कागद आता मुंबईला जाऊ लागले. तिथून हुकुमांवर हुकूम सुटले. आमची पदं आणि त्यांची पदं जुळवायची होती, पगाराच्या श्रेणी जुळवायच्या होत्या. म्हणून प्रत्येक माणसाचं वय, नोकरीची वर्षं आणि पगार नव्या रकान्यांत लिहून हवा होता. त्यातच येत्या पाच वर्षांत घरी जाणाऱ्यांची यादी. मी दिवाळीपासून होळीपर्यंत त्याच कामात होतो. आमचे नवे साहेब साताऱ्याकडचे, गोंदियात येऊन चारच महिने झालेले. त्यांनी यादी पाहिली आणि सगळ्या कचेरीसमोर म्हणाले की इतका स्वच्छ तक्ता मी पुण्यातही पाहिला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी मिठाई घेतली.

त्या यादीत पहिलं नाव होतं बुधराम सयाम, चौकीदार. जन्मतारीख एक जुलै, वय साठ पूर्ण, जूनअखेर घरी. एप्रिलमध्ये त्याला पत्र गेलं. पत्र मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना मला त्याचा चेहराही आठवला नाही.

मे महिन्यात, दुपारच्या वेळी, बुधराम कचेरीत आला. केशोरीहून कोहमाऱ्यापर्यंत पायी आणि तिथून तांदळाच्या ट्रकवर बसून. त्याला पाहिल्यावर मला आठवलं. डोक्यावरचा एकूण एक केस पांढरा, पण खाली दंड लोखंडासारखे. तो तलावाच्या तुडमावर होता. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी कालव्यात सोडायचं दार. ते उघडायला जो लोखंडी दांडा फिरवावा लागतो, तो दोन तरुण माणसांनाही जड जातो. बुधराम एकटा फिरवायचा.

त्याच्यासोबत एक म्हातारी होती. लहानशी, वाकलेली, पण चालण्यात घाई. तिने माझ्या टेबलापाशी येऊन आधी खुर्चीचा, मग टेबलाचा आधार घेतला आणि उभीच राहिली. बुधरामने सांगितलं की ही माझी माय, मंगरी.

मी नेहमीसारखं समजावून सांगितलं. साठ झाली, सरकारी नियम आहे, सगळ्यांनाच जावं लागतं. बुधराम म्हणाला एवढंच की बाबूजी, अजून लहान पोरीचं लग्न व्हायचं आहे आणि अंगात जोर आहे. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हा साठ वर्साचा, तं मी कितीची?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फार तर सत्तर.

"मले पाहून सांग ना, बाबू. याले पाहून सांगतलं होतं तसं," ती म्हणाली. "का मी धा वर्साची असतानीच याची माय झालो?"

कचेरीत कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं आणि सर्व्हिस बुक काढून आणलं. पहिल्या पानावर माझंच अक्षर. तेव्हा मी अक्षर फार वळणदार काढायचो.

मी बुधरामला विचारलं की तुझे केस कधीपासून असे. तो म्हणाला, आमच्या घराण्यात तिशीतच पिकतात, बापाचेही तसेच होते. म्हणजे मी त्याचं वय केसांवरून लिहिलं होतं, आणि केस सात-आठ वर्षं पुढे धावत होते.

मग मी मंगरीला विचारलं, हा जन्मला तेव्हाचं काही आठवतं का. तिला सगळं आठवत होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तलावाच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं, काम सुरू झालं होतं. नवरा खोदायचा, ती टोपल्याने माती वाहायची. पाळ पुरी झाली आणि पावसाळ्यात तलावात पहिल्यांदा पाणी चढलं, तेव्हा बुधराम पोटात होता. पाणी पाहायला सगळा गाव पाळीवर गेला होता. तिला मात्र चढवत नव्हतं म्हणून ती खालीच बसली होती. पुढे धान कापणीच्या दिवसांत तो जन्मला.

बुधराम मध्येच म्हणाला की तुडमाजवळ एक लिहिलेला दगड आहे. त्याच्यावरचं शेवाळ तो दर वर्षी खरडतो, पण काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुटी टाकली, सायकल सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवली, कोहमाऱ्याला उतरलो आणि तिथून सायकलने तलावावर गेलो. दगड होता. त्यावर तलाव बांधून पुरा झाल्याचं साल कोरलेलं होतं. परत येऊन आमच्याच कचेरीच्या जुन्या कपाटातून त्या तलावाची फाइल काढली; तिच्यातही तेच साल. त्या हिशेबाने बुधराम त्रेपन्न वर्षांचा होता. माझ्या एका नजरेने मी त्याच्या नोकरीची सात वर्षं खाल्ली होती.

मी बड्या बाबूंना सगळं सांगितलं. त्यांना स्वतः घरी जायला वर्षच उरलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की अशी तारीख बदलायला मागितली की वरून पहिला प्रश्न येणार, मूळ तारीख कशावरून लिहिली. "एक किताब खोलोगे तो सैंतीस खुलेंगी," ते म्हणाले. "डॉक्टर तो गया बदली पर. फिर बचा कौन? तू और मैं." ते रागावले नव्हते, घाबरले होते. ज्यांना इतक्या वर्षांत कोणी घाबरलेलं पाहिलं नव्हतं असं कचेरी सांगायची, त्यांना तसं पाहून मलाही भीती वाटली. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, घरी दोन लेकरं होती.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. तक्ता बरोबर होता, पुस्तक बरोबर होतं, डॉक्टरचा दाखलाही जोडलेला होता. मी गप्प राहिलो असतो तर कोणत्याही ऑडिटरला कधी काही सापडलं नसतं. मला खरं तर तेच सलत होतं. माझा सगळ्यात स्वच्छ तक्ता खोटा होता आणि तो खोटा आहे हे ओळखायची सोय त्या तक्त्यातच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी टिपण लिहिलं. त्यात सरळ लिहिलं की ही जन्मतारीख मी अंदाजाने ठरवली. बड्या बाबूंचं नाव घातलं नाही. याला कोणी मोठेपणा म्हणू नये. त्यांनी माझा हात धरून लिहवलं नव्हतं. टिपण आधी त्यांच्याकडेच गेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त केल्या, खाली सही ठोकली आणि साहेबांकडे पाठवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही तारीख कशावरून लिहिलीत? मी म्हणालो, केसांवरून. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग त्यांनी म्हातारीला केशोरीहून बोलावून घेतलं. तिचं बोलणं त्यांना अर्धंच कळत होतं. "काऊन" म्हणजे "का", हे मी त्यांना सांगितलं. त्यांची अडचण खरी होती. मुलाच्या वयाला आईचा आधार, पण आईच्या वयाला आधार काय? ते म्हणाले की दगडाने तलावाचं वय कळतं, माणसाचं नाही. पण त्यांनी कागद अडवला नाही. पाळीवर माती टाकलेले आणखी दोन म्हातारे केशोरीकडे जिवंत होते. नायब तहसीलदारांपुढे त्यांचे आणि मंगरीचे जबाब झाले. मंगरीने अंगठा उठवण्याआधी सगळं वाचून दाखवायला लावलं आणि एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली. आम्ही लिहिलं होतं की पाणी पाहायला ती पाळीवर गेली होती. ती खाली बसली होती.

कागद नागपूरला गेले, तिथून मुंबईला. दरम्यान जून संपला आणि बुधरामने तुडमाचा दांडा दुसऱ्याच्या हाती दिला. शंका येत गेल्या, मी उत्तरं देत गेलो. तेरा महिन्यांनी हुकूम आला. नवी तारीख मान्य, बुधरामला कामावर घ्यावं, मधला काळ बिनपगारी रजा समजावा. त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्यात माझ्यासाठी मजकूर होता. निष्काळजीपणाबद्दल ठपका आणि एक वेतनवाढ वर्षभर बंद. कचेरीतली सर्व्हिस बुकं माझ्याच ताब्यात असल्यामुळे ती नोंद माझ्या पुस्तकात मलाच लिहावी लागली. साहेबांनी सही करताना म्हटलं, अक्षर मात्र सुरेख आहे.

बुधरामला मी निरोप पाठवला. तो दुसऱ्याच दिवशी रुजू झाला. मंगरी पुन्हा कधी कचेरीत आली नाही. पण तिने बुधरामकडून विचारून घेतलं होतं की तिचं सांगणं सरकारने खरं मानलं का. मी सांगितलं, अक्षर न् अक्षर मानलं.

बड्या बाबूंचा अंदाज खरा ठरला. उरलेल्या छत्तीस जणांची वयं पुन्हा तपासायचा हुकूम आला, आणि तपासणारा मीच. त्या वर्षी मी सायकलवर जेवढा फिरलो तेवढा पुन्हा कधी फिरलो नाही. तिथे मला एक नवीनच गोष्ट कळली. कित्येकांना मी तरुण करून ठेवलं होतं, आणि त्यांना तपासणी नको होती. एक चौकीदार तर माझी सायकल दिसली की कालव्याच्या पलीकडे जायचा. शेवटी गाठला तेव्हा म्हणाला, "बाबूजी, माह्यं वय हाये तसंच राहू द्या. बरं हाये." त्याच्याकडेही काही कागद नव्हता, माझ्याकडेही नव्हता. राहू दिलं.

छत्तिसातला एक जण यादीत होता पण कामावर नव्हता. त्याचं नाव डोमा. कालव्यावरचा चौकीदार. त्याला मी सगळ्यात म्हातारं लिहिलं होतं, त्यामुळे तो बुधरामच्याही दोन वर्षं आधी घरी गेला होता. पत्र मिळालं, किल्ल्या दिल्या, गेला. विचारायला आला नाही. मी त्याला शोधत एका गावी गेलो तेव्हा तो एका शेतकऱ्याकडे सालाने राबत होता आणि धानाचं भरलं पोतं पाठीवर घेऊन बैलबंडीत टाकत होता. पोतं टाकून तो माझ्याकडे वळला. पुढचे दात नव्हते. मला आठवलं, मी दात पाहूनच त्याचं साल लिहिलं होतं. दात कधी पडले विचारलं तर म्हणाला, जवानीत तुडमाचा दांडा सटकून तोंडावर बसला होता.

मी त्याला विचारलं की पत्र आल्यावर तू कचेरीत का आला नाहीस. त्याला माझा प्रश्नच नीट कळला नाही. सरकारने म्हातारा म्हटलं म्हणून तो म्हातारा झाला होता, त्यात विचारायचं काय होतं?

मी त्याचा अर्ज लिहिला. पण डोमाला माय नव्हती. तो कुठल्याशा दुकाळात आईबापाविना या गावात आलेला, त्याचं लहानपण पाहिलेलं कोणी जिवंत नव्हतं, आणि त्याच्या जन्माच्या वेळी कोणी कुठे दगडही बसवला नव्हता. मी दोनदा कागद पाठवला, दोनदा परत आला. आधार नाही. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि कचेरीवर अजून तोरणं होती. टपालाने कळवता आलं असतं, पण मी स्वतः गेलो.

डोमा बैलांना पाणी पाजत होता. मी सांगितलं की अर्ज नामंजूर झाला, आता काही होणार नाही. त्याने मान हलवली, मला बाज ओढून दिली, तांब्या आणून दिला. मग समोर उकिडवं बसून त्याने विचारलं, "मंग बाबूजी, माह्यं खरं वय किती असन?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

त्याने रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला.

"मंग तवाच असं काऊन नाइ सांगतलं?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.